कळप निवला की राखणारा निवतो: चराईविषयी वाचकांचे प्रश्न

चराईला गेल्यावर मन शांत होते असे ऐकून गुरे, शेळ्या, मेंढ्या राखू लागलेल्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. शांतता कुठे आहे, हा बहुतेकांचा सवाल. उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे असे की कळप स्वस्थ झाल्याशिवाय राखणारा स्वस्थ होत नाही, आणि कळप स्वस्थ करणे बरेचसे आपल्या हातात असते. त्यामुळे मनाबद्दलच्या प्रश्नांनाही उत्तरे पाणी, वारा, पोट आणि पावले यांच्या भाषेत आली आहेत.

प्रश्न: दहा शेळ्या आणि दोन गाई आहेत. रानात सोडल्या की शेळ्या एकीकडे, गाई दुसरीकडे. ओरडून घसा बसतो, संध्याकाळी अंग मोडून येते. चराईत मन शांत होते म्हणतात, ते नक्की कोणाचे?

ज्यांची जनावरे रानात शिरण्याआधी पाणी प्यायलेली आणि थोडी तरी खाल्लेली असतात, त्यांचे. भुकेने वखवखलेला कळप चरत नाही, पळतो. दोन घास इथे, चार तिथे, पुढे काहीतरी चांगले मिळेल म्हणून. सोडण्यापूर्वी शेळीमागे मूठ-दोन मुठी आणि गाईपुढे एखादी पेंढी वाळला चारा टाकला तर ही घाई बरीच मोडते. पाण्याचेही तसेच. शेळी-मेंढीला दिवसाला साधारण ४ ते ८ लिटर आणि गाईला हवामान व दुधाप्रमाणे ४० ते ८० लिटर पाणी लागते. तहानलेले जनावर मान वर करून उभे राहते आणि पाण्याच्या वाटेला लागते. त्याला पुन्हा पुन्हा वळवण्यात तुमची निम्मी ताकद जाते.

तुमच्या बाबतीत दुसरे कारण असे की गाय आणि शेळी यांचे खाणेच वेगळे. गाय जिभेने गवताला विळखा घालून तोडते, म्हणून तिला निदान चार-सहा बोटे उंच गवत लागते. मेंढी दुभंगलेल्या वरच्या ओठाने अगदी जमिनीलगतचे टिपते. शेळीला पाला, कोवळे शेंडे, काटेरी झुडपे हवीत. मागच्या पायांवर उभी राहून ती ओरबाडते आणि थोड्या वेळाने झुडूप बदलते. तिला मोकळ्या गवतात धरून ठेवाल तर ती पळणारच, तिचा दोष नाही. झुडपांची कड आणि तिला लागून मोकळे गवत असा पट्टा शोधा. शेळ्या कडेने, गाई त्यांना समांतर, आणि तुम्ही दोन्हींच्या मध्ये पण थोडे मागे.

आता पावलांविषयी, कारण घसा बसण्याचे मूळ तिथे आहे. प्रत्येक जनावराला माणसापासून ठरावीक अंतर हवे असते. त्या अंतराच्या आत शिरलात की ते सरकते, बाहेर आलात की थांबते. हातावर वाढलेल्या गाईचे हे अंतर जवळपास नसतेच. क्वचितच माणूस पाहिलेल्या गुरांचे वीस-तीस मीटरही असते. काठी उगारून किंवा हाका मारून जे होत नाही ते या सीमेवर एक पाऊल आत आणि एक पाऊल बाहेर केल्याने होते. जनावराच्या खांद्याच्या मागून आत शिरलात तर ते पुढे जाईल, खांद्याच्या पुढून शिरलात तर थांबेल किंवा वळेल. वळले रे वळले की लगेच मागे सरा. दाब सुटणे हेच त्याचे बक्षीस. लोक इथेच चुकतात: जनावर वळल्यावरही हाकत राहतात, मग ते पुढच्या वेळी वळत नाही, पळते.

बरोबर शेपटीमागून चालू नका. गाई-मेंढ्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्यांना सुमारे ३०० अंशांतले दिसते, पण अगदी मागची पट्टी आंधळी असते. तिथे काय चालले आहे हे कळत नाही म्हणून जनावर मान वळवते, बुजते किंवा धावते. मागे राहायचे तर डावी-उजवी अशी सावकाश येरझार घाला. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी या साऱ्याच्या आकृत्या काढून त्या जगभर पोचवल्या. चांगल्या गुराख्याचे पाय मात्र आकृती न बघताही असेच पडत आले आहेत.

ओरडणे तर सोडूनच द्या. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, गाईला सुमारे ३५ पर्यंत. तुमची किंचाळी तिला तुमच्यापेक्षा अधिक बोचते. एक हाक ठरवा, नेहमी त्याच सुरात, आणि ती फक्त पाण्याकडे किंवा घराकडे नेताना वापरा. रागाने कधीच नाही. महिनाभर ही शिस्त पाळली की त्या हाकेला कळप मान वर करतो.

शेवटी म्होरकी ओळखा. दहांत एखादी शेळी अशी असते की ती जिकडे वळते तिकडे बाकीच्या वळतात. ती बहुधा सर्वांत दांडगी नसते, वयाने मोठी आणि वाट माहीत असलेली असते. बारा जनावरांवर नजर ठेवण्यापेक्षा तिच्या एकटीवर ठेवा. आणि एखादी ओढाळ गाय सगळा कळप नासवत असेल तर तिच्या गळ्यात लोढणे अडकवण्याआधी तिला मीठ-क्षार मिळतात का ते बघा. माती चाटणारे, हाडे चघळणारे जनावर बरेचदा क्षारांच्या कमतरतेने भटकत असते.

प्रश्न: निवांत बसायची नेमकी वेळ कोणती? सकाळी जनावरे थांबत नाहीत, दुपारी ऊन असते.

ही वेळ तुम्ही ठरवायची नाही, कळप ठरवतो. मात्र तो बराच नियमित असतो. चराईचे दोन मोठे पल्ले: एक उजाडल्यापासून, दुसरा मावळतीच्या आधी. या दोन पल्ल्यांत बसण्याचा प्रयत्न करूच नका, कळपाच्या कडेने त्याच्याच गतीने चाला. पहिल्या पल्ल्यानंतर, सोडल्यापासून दोन-तीन तासांनी, चरणे विरळ होते. एक जनावर उभे राहते, मग दुसरे, एखादे गुडघे टेकते, आणि अर्ध्या-पाऊण तासात रवंथ सुरू होतो. तुमची वेळ ती. तिथे सावली हवी, म्हणून सकाळचा मार्ग असा आखा की रवंथाच्या वेळेस कळप आपसूक झाडांपाशी पोचेल. दुपार झाली की कळप सावलीकडे ढकलणे हा उलटा क्रम, त्यात दोघांचेही डोके तापते.

रवंथ नुसता बघण्यासारखा असतो असे नाही, मोजण्यासारखाही असतो. गाईच्या मानेच्या डाव्या बाजूकडे बघा. घास पोटातून वर येताना अन्ननलिकेत एक लाट वर सरकलेली दिसते. मग जबडा एका संथ लयीत फिरू लागतो: एका घासाला साधारण ४० ते ६० वेळा, सुमारे मिनिटभर. मग गिळणे, चार-पाच सेकंदांची विश्रांती, पुढचा घास. दिवसभरात चरणारी गाय सहा ते आठ तास हेच करते. एका गाईचे पाच घास सलग मोजा, चघळणी किती झाल्या तेही. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला आपोआप तुमचा श्वास सावकाश होऊ लागतो. झाला नाही तरी बिघडत नाही, मोजणी तरीही कामाची आहे. घासामागे ३० पेक्षा कमी चघळणी पडत असतील तर चाऱ्यात तंतू कमी आहे किंवा जनावर अस्वस्थ आहे. बसलेल्या कळपात निम्म्याहून अधिक तोंडे हलत असावीत. तेवढी हलत नसतील तर आज काहीतरी बिनसले आहे, मग उठा आणि शोधा.

हाच वेळ श्वास बघण्याचा. सावलीत बसलेल्या गाईची कूस मिनिटाला १५ ते ३५ वेळा हलते. साठच्या वर गेली तर तिला उष्णतेचा त्रास होतो आहे. तोंड उघडे, जीभ बाहेर, मान पुढे ताणलेली असे दिसले तर रवंथाची वाट बघू नका, पाणी आणि वारा असलेल्या जागी हळू न्या.

मेंढ्यांचे थोडे वेगळे. उन्हात त्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून घोळका करतात. लांबून हे विश्रांतीसारखे वाटते, प्रत्यक्षात ती सावलीची टंचाई असते.

प्रश्न: गुरे बसल्यावर डोळे मिटून ध्यान केले तर चालेल का?

नाही. ध्यानाला आक्षेप नाही, मिटलेल्या डोळ्यांना आहे. तुम्ही राखणीला बसला आहात, आणि कळपाचे लक्ष बरेचसे तुमच्या शरीरावर असते. तुम्ही पेंगू लागलात की सर्वांत आधी शेळ्यांना कळते. शिवाय राखणीत मुद्दाम केलेल्या ध्यानाची फारशी गरज पडत नाही. उघड्या डोळ्यांनी करायचे एक काम इथे आयतेच असते.

बसण्याची जागा कळपाच्या मध्यात नको. एका कडेला, किंचित उंचावर, पाठीला झाड किंवा दगड, सूर्य पाठीशी. लपून बसू नका. तुम्ही दिसत असलात की जनावरे निश्चिंत असतात, दिसेनासे झालात की माना वर करून शोधतात. ओळखीच्या कळपापासून पंधरा-वीस मीटर पुरे. बसण्याआधी जमिनीवर काठी आपटून दगड-गवत बघा, साप-विंचू तुमच्या मनःस्थितीचा विचार करत नाहीत.

मग नजर अशी फिरवा. एकदा मोजणी: डावीकडून उजवीकडे, न घाईने. मग कान, तुमचे नव्हे, त्यांचे. स्वस्थ गाईचे कान ढिले असतात, बाजूला झुकलेले, कधी एक पुढे एक मागे. मेंढीचे कान मागे ताणलेले दिसले तर तिला भीती किंवा दुखणे आहे. मग आवाज: आधी जवळचा, जबड्यांचा आणि शेपटीच्या फटक्यांचा, मग मधला, मग जितका लांबचा ऐकू येईल तितका. मग वारा कोणत्या गालाला लागतो ते. मग पुन्हा मोजणी. एका फेरीला चार-पाच मिनिटे लागतात. मधेच मन घरच्या हिशोबात गेले तर ओढाताण न करता पुढच्या मोजणीपासून सुरू करा. सुरुवातीला तीन फेऱ्या पुरे. पहिले काही दिवस हे कंटाळवाणे वाटते आणि तसेच वाटायला हवे. फेरी यांत्रिक झाली असे वाटले तर क्रम उलटा करा.

एक गोष्ट या सरावातून हमखास येते: धोका आधी कळतो. सगळ्या माना एकदम वर, सगळे कान एकाच दिशेला, शेळीची शिंक किंवा मेंढीने जमिनीवर आपटलेला पुढचा पाय, यांपैकी काहीही झाले तर त्यांच्याकडे बघू नका, ती जिकडे बघतात तिकडे बघा. शांत उभे राहा आणि त्या दिशेच्या व कळपाच्या मध्ये या.

प्रश्न: मोबाइलवर भजने किंवा बासरी लावली तर? जनावरांनाही आवडते म्हणतात.

जनावरांची तक्रार नसेल, पण तुम्हाला खोकणारी मेंढी, अडकलेल्या करडाचे ओरडणे आणि घंटेचा बदललेला ठेका ऐकू येणार नाही. कानात खुपसून तर मुळीच नको. स्वतः गुणगुणलात तर उत्तम. एकच आवाज सतत येत राहिला की तुम्ही कुठे आहात हे कळपाला न बघता कळते. घंटा म्होरकीच्या आणि सर्वांत भटक्या जनावराच्या गळ्यात, वेगवेगळ्या आवाजाच्या. चरताना घंटा तुटक वाजते, चालताना एका ठेक्यात, पळताना खणखणते, रवंथात जवळजवळ गप्प. आठ-दहा दिवसांत कान तयार होतात आणि मान न वळवता कळप कुठे आणि काय करतो आहे ते समजते. मोबाइल खिशात असू द्या, डॉक्टरला फोन करण्यापुरता.

प्रश्न: माझ्या मेंढ्या मला ओळखतात का? जवळ येत नाहीत. खाऊ दिला तर लळा लागेल का?

ओळखतात, आणि चांगल्या ओळखतात. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतील कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मेंढ्यांनी इतर ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवल्याचे दिसले. त्यांना माणसांचे चेहरेही लक्षात राहतात. तेव्हा ओळख असूनही त्या जवळ येत नाहीत याचा अर्थ एवढाच की तुमच्या जवळ येण्याशी त्यांची काही वाईट आठवण जोडलेली आहे. बहुतेक घरांत माणूस जवळ जातो तो औषध पाजायला, लोकर कापायला, खूर साळायला किंवा पकडायला. दहा वेळा काहीही न करता जवळून गेल्याशिवाय अकराव्या वेळी पकडू नका.

जवळ जाण्याची रीत अशी. सरळ रेषेत, नजर रोखून, हात पुढे करून जाऊ नका, शिकारी प्राणी तसेच येतो. तिरके चाला, खाली बघा, तिच्या अंतराच्या सीमेवर थांबून बसा. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा कमी धोक्याचा वाटतो. ती हुंगायला आली तर हात उचलू नका. अनेकदा आल्यावरच स्पर्श करा, आणि तोही डोक्यावर थोपटून नव्हे. गाई एकमेकींना मान आणि डोक्याच्या आसपास चाटतात. गळ्याच्या खालच्या बाजूला सावकाश खाजवल्यास बहुतेक गाई मान ताणून, कान लोंबवून उभ्या राहतात. मेंढीला छातीवर आणि जबड्याखाली आवडते. ती सरकली की हात थांबवा.

खाऊ हातातून देऊ नका. लळा लागतो तो खाऊचा, आणि मग खिसे हुंगणारा, ढुशा देणारा कळप तयार होतो. त्यात बसून कसला निवांतपणा. बाटलीवर वाढवलेला मेंढा किंवा बोकड यांच्याबाबत तर विशेष सावध राहा. त्याच्या कपाळावर हात दाबून खेळू नये. लहानपणी गंमत वाटते, वयात आल्यावर तोच माणसाला प्रतिस्पर्धी समजून धडक देतो, कारण त्याला माणसाची भीतीच उरलेली नसते. माजावरचा मेंढा कळपात असेल तर त्याच्याकडे पाठ करून बसू नका.

प्रश्न: रानातली झाडे, पक्षी यांची नावे मला येत नाहीत. मग निसर्गाशी नाते कसे जोडायचे?

नावे पुढे येतील. आधी कोण कोणाच्या मागे आहे ते बघा. कळपाभोवती पक्षी उगाच नसतात. गायबगळे गुरांच्या पायांपाशी चालतात, कारण खुरांनी उडालेले नाकतोडे त्यांना कमी श्रमात मिळतात. एकट्याने शोधण्यापेक्षा गाईबरोबर चालणाऱ्या बगळ्याची कमाई चांगली होते. कोतवाल पाठीवर बसून हवेत उडालेले किडे टिपतो. साळुंकी आणि कावळा गोचिडांसाठी येतात. कावळा जखम टोचतही असतो, त्यामुळे तो एकाच जागी पुन्हा पुन्हा बसत असेल तर ती जागा तपासा. बगळे एकदम उडाले तर वर आणि मागे बघा.

मग शेण. ताज्या शेणावर काही मिनिटांत माशा येतात, मागोमाग शेणकिडे. काही जातींचे किडे शेणातच राहतात, काही खाली बोगदे खणून शेण जमिनीत नेतात, काही गोळा करून लोटत दूर पळवतात. लोटणाऱ्यांपैकी आफ्रिकेतली एक जात रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. आपल्या रानात कोणते किडे आहेत ते बघायला एक शेणाची पोवटी पुरते: एका काडीने कड उचला, खाली भोके आणि भुसभुशीत माती असेल तर बोगदेवाले आहेत. महिनाभर शेण जसेच्या तसे वाळून पडले असेल तर किडे कमी आहेत. त्यामागे कोरडी हवा असू शकते, किंवा जंताच्या औषधाचा अंशही. काही जंतनाशके शेणातून बाहेर पडून अळ्यांना मारतात, म्हणून ती गरज पाहूनच द्यावीत.

आणि वनस्पतींसाठी शेळीपेक्षा चांगला शिक्षक नाही. एक शेळी निवडून पंधरा मिनिटे ती काय खाते, काय हुंगून सोडते, कशाचे फक्त शेंडे घेते ते टिपा. नाव येत नसेल तर पान वहीत ठेवा: कोणता महिना, किती खाल्ले, पान की शेंग. तेच पान दोन महिन्यांनी ती खात नाही हे कळले की ऋतू बदलल्याचे तुम्हाला दिनदर्शिकेआधी समजेल. गवताची उंचीही बघत जा. चार बोटांच्या खाली आले की जागा बदला. मेंढ्यांच्या जंतांच्या अळ्या बहुतेक करून गवताच्या खालच्या दोन-तीन बोटांत, ओलाव्यात असतात. फार खाली चरले की जंत वाढतात आणि गवताची मुळेही दमतात. याच कारणाने शेळ्या-मेंढ्यांना दव सुकल्यावर सोडणे बरे.

प्रश्न: शांत बसलो की वाटते, कुणी काही विषारी तर खात नसेल ना? या धास्तीने बसणेच होत नाही.

ही धास्ती उपयोगाची आहे, पण ती बसण्याच्या वेळी नव्हे, सकाळी जागा निवडताना वापरा. नव्या जागेत कळप नेण्याआधी एकट्याने चालून या. कण्हेर, घाणेरी, धोतरा, एरंड हे कुठे आहे ते बघा. कण्हेरीची थोडी पानेही जीव घेतात, आणि छाटून टाकलेली वाळली कण्हेर हिरवीइतकीच घातक असते. घाणेरीने यकृत बिघडते आणि मग उन्हात कातडी सोलते. पोटभर असलेली, त्या रानात वाढलेली जनावरे हे सहसा टाळतात. विषबाधा होते ती भुकेल्या, नव्याने आणलेल्या किंवा लांबच्या प्रवासातून आलेल्या जनावरांना. पुन्हा पोटावरच गोष्ट येते.

दोन गोष्टींची मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. पहिली, कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी, विशेषतः कापणीनंतर फुटलेले फुटवे. त्यात सायनाइड तयार होते. काही मिनिटांत धाप, लडखडणे, हिरड्या लालभडक असे दिसते. उतारा पशुवैद्याकडेच असतो, घरगुती उपायात वेळ घालवू नका. गुडघाभर उंचीपर्यंतच्या, खुरटलेल्या किंवा फुटव्यांच्या ज्वारीत कळप शिरू देऊ नये, एवढा नियम पाळला तर हे बरेचसे टळते.

दुसरी पोटफुगी. ओला, कोवळा लसूणघास किंवा बरसीम रिकाम्या पोटी खाल्ला की पोटात फेस होतो आणि वायू बाहेर पडत नाही. डावी भाकड कूस, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, वर येते, टिचकी मारल्यास ढोलासारखी वाजते. जनावर पोटावर लाथा मारते, उठते-बसते. लगेच त्या चाऱ्यातून बाहेर काढा, पुढचे पाय उंचावर राहतील असे उभे करा, हळूहळू चालवा. खाद्यतेल शेळी-मेंढीला ५० ते १०० मिली, गाईला २५० ते ५०० मिली, तोंडाच्या कडेने थोडे थोडे, मान वर न ताणता पाजा. मान ताणली की तेल फुप्फुसात जाते, आणि पोटफुगीतून वाचलेले जनावर न्यूमोनियाने मरते. आडवे पडलेल्या किंवा तोंडाने श्वास घेणाऱ्या जनावराला काही पाजू नका, डॉक्टरला बोलवा. बचाव सोपा: आधी वाळला चारा, दव सुकू द्यायचे, आणि असा घास पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटेच.

विजेचे एक सांगून ठेवतो. चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उंचवटा, एकटे झाड, तारेचे कुंपण आणि कळपाचा मध्य हे सगळे सोडा. कळप झाडाखाली जाऊ लागला तर वळवा, पण त्याच्यासाठी स्वतः झाडाखाली जाऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी थांबा.

प्रश्न: माझ्याकडे जनावरे नाहीत. राखणाऱ्याबरोबर एखादा दिवस घालवता येईल का? काय पाळावे?

विचारून जा, आणि त्याचा दिवस हा त्याचा कामाचा दिवस आहे हे धरून चाला. फडफडणारे कपडे, छत्री, सोबत कुत्रा, तीव्र वासाचे अत्तर नको. रंगाची काळजी करू नका, गुरांना लाल आपल्यासारखा दिसत नाही, ती बुजतात ती हालचालीला. पिल्लांना उचलू नका. माता आणि पिल्लू यांच्या मध्ये उभे राहू नका. पहिला तास काही विचारू नका, फक्त राखणारा कुठे उभा राहतो ते बघा. तुम्हाला तो नुसता उभा दिसेल, पण थोड्या वेळाने लक्षात येईल की तो उभा राहिलेल्या बाजूलाच कळप कधी जात नाही. फोटो शेवटी. आणि निघताना त्याच्या कष्टाचा मोबदला द्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे, त्यामुळे अशा भेटींची हौस वाढेल. हौशी माणसांचा घोळका मात्र कोणत्याही कळपाला मानवत नाही. दोघांपेक्षा जास्त जाऊ नका.

प्रश्न: दिवस चांगला जातो, पण परतताना सगळी घाई आणि चिडचिड होते. का?

कारण तुम्ही दुसरा पल्ला अर्धवट तोडता. मावळतीआधीचे चरणे पूर्ण झाले नाही की पोट भरत नाही, आणि वाटेतल्या प्रत्येक शेतात तोंड घालावेसे वाटते. घरी पोचायची वेळ ठरवून मागे मोजा: वाटेला अर्धा तास, पाण्याला पंधरा मिनिटे, आणि त्याआधी निदान दीड-दोन तास सलग चराई. शेवटची चराई घराच्या बाजूच्या रानात करा, म्हणजे कळपाचे तोंड आधीच घराकडे असते. निघताना एक जनावर पुढे काढा, म्होरकी. बाकीच्यांना हाकू नका, तुम्ही कडेने चाला. वाड्याच्या दारात एकेक करून आत सोडा आणि मोजा. एखादे कमी भरले तर दार लावून, दमलेला कळप तिथेच ठेवून, एकट्याने मागे जा. सर्वांना परत घेऊन शोधायला निघालात तर अंधारात दोन आणखी हरवतात.